गावाची शिरगणती, वस्तीचा रस्ता

तहसील कचेरीत, जिल्ह्याच्या ग्रंथालयात 'जिल्हा जनगणना पुस्तिका' नावाचं एक जाडजूड पुस्तक असतं. आता ते कॉम्प्युटरवरही मिळतं. तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या गावाला त्यात एक ओळ आहे. गावाचं नाव, क्षेत्र, घरं, माणसं, सहा वर्षांपर्यंतची पोरं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, शिकलेले, कामकरी. दुसऱ्या तक्त्यात शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी, टपाल, बाजार, बस, रेल्वे, पक्का रस्ता, जवळचं शहर. २०११ सालच्या पुस्तिकेत जी सोय गावात नाही तिच्यापुढं एक अक्षर छापलंय. पाच किलोमीटरच्या आत असली तर 'ए', पाच ते दहा असली तर 'बी', दहाच्या पुढं 'सी'.

मित्रांनो, ही ओळ एकदा नीट वाचा. आपली पोरं ठरावावर ठराव करतात, मोर्चे काढतात, पण आपल्या गावाची ही ओळ फार थोड्यांनी वाचलेली असते. ती खोटी नसते. एसटी येते म्हणून लिहिलं असेल तर येतेच. पक्का रस्ता लिहिला असेल तर डांबर पडलेलंच असतं. फक्त ते डांबर कुठवर पडलंय हे त्या ओळीत नसतं. कारण शिरगणतीच्या हिशेबात गाव म्हणजे महसुली गाव. पांढरी, वाड्या, वस्त्या, महारवाडा, मांगवाडा सगळे एकाच ओळीत कोंबलेले. मारुतीच्या देवळापुढं एसटी थांबली की ओळ पुरी झाली. पुढचा ओढा, चिखल, काट्याकुट्याची पाणंद कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मी शाळामास्तर. शिरगणतीची ड्यूटी मास्तरांच्याच गळ्यात पडते. १९९१ आणि २००१ अशा दोन वेळा मी दारोदार फिरलो, नजरी नकाशे काढले, घरांवर नंबर टाकले. गाव संपलं की वस्तीकडं जाताना सायकल खांद्यावर घ्यायची, हा नियमच होता. तेव्हापासून डोक्यात बसलंय की माणसं मोजणं आणि रस्ता करणं ही दोन खाती असतील सरकारची, आपल्यासाठी तो एकच सवाल आहे. त्याचा इतिहास आपल्यालाच मांडायला पाहिजे. दुसरं कोण मांडणार?

सुरुवात जुन्या गावगाड्यापासून करू. एसटी नव्हती, तार नव्हती, फोन नव्हता, तेव्हा गावाचं दळणवळण कशावर चालायचं? आपल्या आज्या-पणज्याच्या पायांवर. गावात कुणी मेलं, तर दहा गावांच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा महारानं न्यायचा. उन असो, पाऊस असो, रात्र असो. सरकारी पट्टीचा भरणा तालुक्याला न्यायचा महारानं. साहेब गावात आला की त्याचं सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत डोक्यावर न्यायचं, तिथं पुढच्या गावचा महार ते उचलणार. वाट दाखवायची, चावडीवर माणसं बोलवायची, वेशीवर राखण करायची, शिवेचं भांडण झालं तर हद्द सांगायची. येसकर, तराळ ही नावं त्याच कामांची. म्हणजे गावाचं टपाल आम्ही, गावाची हमालगाडी आम्ही, गावाचा नकाशाही आमच्याच डोक्यात. इतिहासकार मराठ्यांचे घोडे मोजतात, इंग्रजांच्या आगगाड्या मोजतात. या पायांचा हिशेब कुठल्या बखरीत आहे?

आणि मोबदला? हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा हाच मुद्दा मांडला. वतनदार महार चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील. तो नसला तर त्याच्या घरातलं माणूस धरून न्यायचं. पुढं १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला महार वतनदारांची मोठी परिषद झाली. हे वतन कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं. स्वराज्य येऊन अकरा वर्षं झाल्यावर!

आता यातली गंमत बघा. जो माणूस गावचा निरोप घेऊन दहा कोस चालत जाई, त्याला त्याच गावच्या रस्त्यावरून सरळ चालता येत नसे. पाय गावाच्या कामाचे, पण सावली विटाळाची.

मग रेल्वे आली. रेल्वेचं आपल्यावर एक ऋण आहे, ते मोकळ्या मनानं कबूल केलं पाहिजे. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तिकिटावर जात नव्हती. मनमाड, भुसावळ, इगतपुरी, नागपूर इथं रेल्वेच्या कामावर आपले लोक गेले. कोकणातले बोटीनं मुंबईला गेले, गोदीत, गिरणीत शिरले. हातात रोख पगार आला, पोरगं शाळेत गेलं. जो रस्ता गावाबाहेर नेतो तो आपल्याला कामाचा, हे आपल्या लोकांना कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागं ११२२ बायका मोजल्या गेल्या. बाप्ये मुंबईला, बाया गावात. हा वाटेचाच आकडा आहे.

पण आगगाडी स्टेशनापर्यंतच. स्टेशनाबाहेर पाय टाकला की गाव सुरू.

१९०१ सालची मसूरची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी वाचलेली आहे. तरी रस्त्याच्या अंगानं ती पुन्हा वाचा. मसूर हे सातारा जिल्ह्यातलं, कराड तालुक्यातलं गाव. पुण्याहून मिरजेकडं जाणाऱ्या लोहमार्गावरचं स्टेशन. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळी लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला काढला होता. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची पोरं अशी नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली. मसूरला उतरली. बाप न्यायला आलेला नाही, कारण पत्र त्यांना पोचलंच नव्हतं. स्टेशन मास्तरनं आधी आस्थेनं चौकशी केली. पोरांनी भाबडेपणानं जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. एकही गाडीवान यायला तयार नाही. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की भाडं दुप्पट, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. तीन तासांची वाट म्हणून सांगितली होती. रात्रभर प्रवास झाला. जवळ भाकरी होती पण पाणी मिळेना. टोलनाक्यावरही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर चढल्यावर पोरं गोरेगावला पोचली.

मसूर 'सोयींनी युक्त' गाव होतं ना? रेल्वे होती, गाड्यांचा अड्डा होता, गाडीवाटेला टोलनाका होता. आजची पुस्तिका तेव्हा असती तर तिच्यात मसूरपुढं रेल्वे स्टेशन 'आहे' असंच छापलं असतं. त्या चार पोरांच्या तहानेचा रकाना तिच्यात नसता. वाहन असणं आणि वाहनात बसायला मिळणं या दोन गोष्टींतलं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

पुढं सव्वीस वर्षांनी तीच गोष्ट. डिसेंबर १९२७. मार्चमध्ये चवदार तळ्यावर पाणी पिऊन झालं होतं, मार खाऊन झाला होता. आता दुसरी परिषद. मुंबईहून महाडला जायचा सोपा मार्ग म्हणजे धरमतरपर्यंत बोट आणि तिथून मोटार. मोटारवाल्यांनी असहकार पुकारला. बाबासाहेब आणि बरोबरचे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीनं थेट दासगाव बंदराला गेले आणि तिथून महाडपर्यंतचे पाच-एक मैल पायी. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जळाली हे आपण दरसाल सांगतो. त्या होळीपर्यंत पोचायला पाच मैल चालावं लागलं कारण मोटार मिळाली नाही, हे मात्र आपल्या भाषणांतून गळून जातं. ते सांगत जा. मनुस्मृती पोथीत होती तशी मोटारीच्या सीटवरही होती.

आणि १९२९. आता बाबासाहेब बॅरिस्टर, कौन्सिलचे मेंबर, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला खुद्द मुंबई सरकारनं नेमलेल्या कमिटीचे सभासद. धुळ्याच्या लाइनीवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगाव स्टेशनवर आले. तिथल्या आपल्या लोकांनी रात्रीचा मुक्काम आमच्याकडं करा म्हणून गळ घातली होती. महारवाडा स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर. पण साहेबांना चालवत कसं न्यायचं? टांगेवाले सगळे नाही म्हणाले. कमिटी सरकारची असो नाहीतर राजाची असो. आपल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणारा कुणी मिळेना, म्हणून ज्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस पुढं बसला. नदीवरच्या फरशीच्या मोरीवर चाक अडकलं, टांगा उलटायला आला, बाबासाहेब फेकले गेले आणि पाय मोडला. पुढं कित्येक दिवस हिंडणं-फिरणं बंद. आपल्या लोकांना पाहुण्याच्या जिवापेक्षा मान मोठा वाटला असं बाबासाहेबांनी नंतर लिहिलंय. त्यात राग नाही, दुःख आहे. दहा मिनिटांची वाट! सरकारी कागदावर ती रेल्वे जंक्शनच्या कुशीतलीच वस्ती ठरली असती.

मसूर, धरमतर, चाळीसगाव. तिन्ही ठिकाणी एकच दिसतं. लांबचा पल्ला सरकारचं वाहन नेतं, आणि शेवटचा तुकडा गावाच्या हातात असतो. जात त्या शेवटच्या तुकड्यात दबा धरून बसते.

इंग्रज सरकारच्या शिरगणतीला हे कळलं नव्हतं असं म्हणू नका. १८७२ पासून ते माणसं मोजत होते. १९३१ ला हटन नावाचा साहेब शिरगणतीचा कमिशनर होता. अस्पृश्य कुणाला म्हणायचं हे ठरवायला त्यानं कसोट्या लावल्या. ब्राह्मण भटजी मिळतो का, न्हावी-शिंपी काम करतात का, विटाळ होतो का, देवळात जाता येतं का. आणि त्यात एक कसोटी अशी की रस्ते, नदीवरची नाव, विहिरी, शाळा अशा सार्वजनिक सोयी वापरायला बंदी आहे का. म्हणजे रस्ता ही अस्पृश्यतेची मोजपट्टी म्हणून सरकारी कागदावर आली होती. 'गावात रस्ता आहे का' हा एक सवाल. 'रस्ता कुणाला बंद आहे' हा दुसरा. १९३१ ला दुसरा सवाल निदान कागदावर होता. स्वराज्यातल्या पुस्तिकांत पहिलाच उरला.

तसं बघाल तर घटनेत सगळं आहे. १५ व्या कलमात विहिरी, तळी, घाट यांच्याबरोबर रस्तेही नाव घेऊन लिहिले आहेत. १७ व्या कलमानं अस्पृश्यता गेली. १९५५ चा कायदा, १९७६ ला त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण झालं. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात तर सार्वजनिक जागी जायची वहिवाटीची वाट अडवली तर तो गुन्हा, असं स्पष्ट कलम आहे. वाट अडवणं हा गुन्हा म्हणून छापावं लागतं, यावरूनच समजा की वाट अडवली जात होती. स्मशानाच्या वाटेवरून आजही गावोगाव काय चालतं ते मी सांगायला नको.

१ जून १९४८ ला नगर-पुणे एसटीची पहिली गाडी सुटली. आपल्या चळवळीच्या इतिहासात ही तारीख कुणी लिहीत नाही, पण माझ्या मते लिहायला हवी. टांग्यावाल्याला जात विचारता येत होती, कंडक्टरला फक्त 'कुठं?' विचारता येतं. तिकीट फाडलं की बाकावर बसायचं. शेजारी कोण बसलंय ते बघून पाटील उभा राहिला तर तो त्याचा प्रश्न, गाडी थांबत नाही. 'गाव तिथं एसटी' म्हणत लाल गाडी खेड्यात शिरली आणि तिच्या टपावर पत्र्याच्या ट्रंका घेऊन आपली पोरं मिलिंद महाविद्यालयात औरंगाबादला गेली, नागपूरला गेली, वसतिगृहांत राहिली. आता एसटीच्या फेऱ्या कुठं कमी होतात, कुठं बंद पडतात, आणि आपण त्याला तोट्याचा प्रश्न समजून गप्प बसतो. खाजगी वडापची जीप आली तर तिचा मालक गावचाच कुणीतरी. कुणाला बसवायचं, कुणाला टपावर चढवायचं ते तो ठरवतो. शेवटचा तुकडा पुन्हा गावाच्या हातात.

आणखी एक उलटी गंमत. महारवाडा वेशीबाहेर. जुना गाडीरस्ताही पुष्कळदा वेशीबाहेरूनच. म्हणून डांबरी सडक आली तेव्हा किती तरी गावांत ती आपल्या वस्तीच्या उशालाच आली. काल ज्या जागेवर थुंकत नव्हते, त्या जागेला भाव आला. थांबा तिथं, टपऱ्या तिथं, पुढं रुंदीकरणाच्या खुणाही तिथंच, आपल्या भिंतींवर. वतनाच्या जमिनी सडकेला लागून होत्या त्यांचे खरेदीखत-साठेखत कसे झाले, कलेक्टरची परवानगी कुणाच्या नावानं कुणी काढली, याचा गावागावानं शोध घ्यावा. रस्ता आपल्या दारात येतो तेव्हा दारच उचलायला येतो की काय, असं वाटण्याइतके दाखले तुमच्या तालुक्यात सापडतील.

आता माणसांच्या आकड्याकडं येतो.

१९५१ ला महाराष्ट्रात बौद्ध मोजले गेले होते २,४८७. होय, अडीच हजारसुद्धा नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातले बौद्ध निघाले २७,८९,५०१. जगाच्या इतिहासात एवढी उलथापालथ शिरगणतीच्या कागदावर दहा वर्षांत क्वचितच उमटली असेल. अडाणी म्हणवलेल्या आयाबायांनी प्रगणकाला ठणकावून सांगितलं, बौद्ध लिव्ह. तो एक शांत सत्याग्रहच होता आणि तोही प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर.

पण त्याची दुसरी बाजू गावाच्या ओळीत वाचा. केंद्राच्या नियमानं तेव्हा अनुसूचित जात हिंदूंत किंवा शिखांतच. बौद्ध लिहिलं की त्या रकान्यातून नाव बाद. १९६१ ला राज्यात अनुसूचित जाती उरल्या ५.६३ टक्के. १९७१ ला सहा टक्के, १९८१ ला ७.१४ टक्के. मग १९९० ला केंद्राचा आदेश दुरुस्त झाला, बौद्धांना त्या यादीत धरलं गेलं आणि १९९१ ला आकडा एकदम ११.०९ वर. दहा वर्षांत आपली पोरं दीडपट झाली नव्हती. माणसं तीच, तिथंच, त्याच ओढ्यापलीकडं. तीस वर्षं ती एका रकान्यात दिसत नव्हती एवढंच. राज्य सरकारनं आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना लावल्या हे खरं. पण ज्या योजनेचा पैसा केंद्राच्या यादीतल्या लोकसंख्येवर ठरतो तिच्यात ज्या गावचा रकाना रिकामा, त्या गावची वस्ती रिकामी. धर्मांतराची किंमत आपण किती रीतींनी मोजली, त्यातली ही एक. आणि तरी ती मोजली, याचा मला अभिमान आहे.

२००१ ला एका गावात एक म्हातारी ओट्यावर बसली होती. धर्म विचारला, म्हणाली, "बुद्ध." मग अनुसूचित जातीचा रकाना आला. म्हटलं, "आजे, जात?" म्हातारी उसळली. "मास्तर, तू आपल्यातलाच ना रं? बाबांनी ती नदीत सोडाय लावली, आन् तू पुन्हा इचारतोस व्हय?" तिचा नातू कॉलेजात शिकणारा. तो म्हणाला, "आजी, जात लिहिली नाही तर आपण एससीत धरले जाणार नाही." दोघांचं अर्धा तास भांडण. मी पेन घेऊन उभा. शेवटी म्हातारी म्हणाली, "लिव्ह काय लिवायचं ते. पण धरमाच्या जागी बुद्धच लिव्ह, आन् मला वाचून दाखीव." मी वाचून दाखवलं.

हे भांडण घराघरात आहे आणि त्याचा आकडाही आहे. २०११ ला महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००. त्यातले अनुसूचित जातीत धरले गेले सुमारे ५२ लाख. म्हणजे तेरा लाखांवर बौद्ध त्या रकान्याच्या बाहेर. यातले सगळे आपलेच पूर्वाश्रमीचे नसतील, पण बहुतेक कोण असणार ते सांगायला नको. जात मोडायची तर ती लिहायची नाही, आणि हक्काचा रस्ता, हक्काचा निधी मागायचा तर ती लिहायची. या पेचावर पुढाऱ्यांच्या सोयीची उत्तरं मला नकोत. वस्तीवस्तीत बसून बोललं पाहिजे, आणि बायांना बोलू दिलं पाहिजे.

२०२१ ची शिरगणती झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जाहीर झाली आणि तिच्यात सगळ्यांचीच जात विचारायचं ठरलं. १९३१ नंतर पहिल्यांदा. म्हणून ही चर्चा आताच व्हायला हवी.

शेवटी रस्त्याच्या एका सरकारी व्याख्येकडं या. पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली २५ डिसेंबर २००० ला. तारीख बघा, पण ती आपल्या २५ डिसेंबरसाठी निवडलेली नव्हती! या योजनेत एक चांगली गोष्ट होती. घटक महसुली गाव नाही, वस्ती. सपाट मुलखात पाचशेवर माणसांची, डोंगरी-आदिवासी भागात अडीचशेवर माणसांची वस्ती बारमाही रस्त्यानं जोडायची. वाचून वाटतं, झालं, आपली वस्ती आली. पण पुढं वाचा. 'न जोडलेली' वस्ती म्हणजे बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून निदान पाचशे मीटर लांब असलेली. सपाटीवर पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्याही एकत्र धरता येते.

पाचशे मीटर! आपला महारवाडा गावापासून किती लांब असतो? हाक मारली तर ऐकू जावी इतका जवळ, कारण वेठीला बोलवायचं असे. आणि वारा लागू नये, सावली पडू नये इतका लांब. गावगाड्यानं हजार वर्षांपूर्वी हे अंतर ठरवलं आणि दिल्लीच्या नियमात ते बरोबर 'जोडलेलं' ठरलं. आपली माणसं गावच्या लोकसंख्येत घालून गावाला रस्ता आणता येतो, आणि रस्ता गावात आला की आपण आपोआप जोडलेले. ओढ्याला पूर आला की बाळंतीण खाटेवर घालून नेतात ते वेगळं. कुणी मुद्दाम लबाडी केली असं मी म्हणत नाही. नियम करणाऱ्याला महारवाडा माहीत नव्हता, एवढं पुरे आहे.

राज्याची वस्ती विकासाची योजना आहे, तिच्यात वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणं पैशाचे टप्पे आहेत. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाट्या बदलल्या. समतानगर, भीमनगर झालं. चांगलं झालं. चिखल पाटी वाचत नाही. आणि हेही बोलायला हवं की आपल्या वस्तीपर्यंत सिमेंटचा रस्ता आला की त्याच्याही पलीकडच्या मांगवाड्याला आपल्यातलेच काही जण वाट सोडत नाहीत. त्यांच्याकडं बोट दाखवायला गावचा पाटील लागत नाही.

आमच्या तालुक्यातल्या काही पोरांनी गेल्या पावसाळ्यात एक काम केलं. टेप घेऊन एसटीच्या थांब्यापासून वस्तीच्या पहिल्या घरापर्यंत अंतर मोजलं. ओढा किती दिवस अडतो त्याची शाळेच्या हजेरीवरून टिपणं काढली. मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना नंबर २३ मागितला. रस्त्यांची नोंदवही. ग्रामसेवक म्हणाला, "वापरातला रस्ता आहे, नोंद कशाला?" पोरांनी वही उघडायला लावली. गावातल्या गल्लीबोळांची, देवळामागच्या बोळाची, पुढाऱ्याच्या मळ्याकडं जाणाऱ्या वाटेची लांबी-रुंदीसकट नोंद होती. वस्तीची वाट नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मयताचे सांगावे जिच्यावरून गेले ती वाट वहीत नव्हती, म्हणून तिच्यावर आजवर खर्चही पडला नव्हता. पोरांनी ग्रामसभेला अर्ज टाकलाय. नोंद घ्या, नाहीतर का घेत नाही ते लेखी द्या. सभा दोनदा कोरमअभावी तहकूब झाली. तिसरी लागली आहे.